कामेलियाचें झाड व आपलें अंगण

विद्यार्थिमित्रहो, तुम्ही सकाळीं शाळेस निघण्यापूर्वीं तुमच्यापैकीं बहुतेकांच्या घरीं चहाचें आधण ठेविलेलें असतें. त्या आधणांत जी पत्ती पडते, ती ज्या झुडुपाची असते त्याचें शास्त्रीय नांव कामेलिया सायनेन्सिस असें आहे. ज्या कामेलियाचीं मोठालीं, पाकळीवर पाकळी रचलेलीं, जणूं मेणाचीं घडविलेलीं फुलें आपण चित्रांतून पाहतों, तिचें व आपल्या चहाचें कूळ एकच आहे. चहा ही पानांकरितां वाढविलेली बहीण. कामेलिया जॅपोनिका ही फुलांकरितां वाढविलेली बहीण. एक बहीण आपल्या स्वयंपाकघरांत रोज येते, दुसरी मात्र सोलापुरांत कोणाच्या अंगणांत सहसा दृष्टीस पडत नाहीं.

असें कां व्हावें? हें झाड आपल्या घरीं लावितां येईल काय? आणि लाविलेंच तर त्याची निगा कशी राखावी? या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. उत्तर नुसत्या "होय" अगर "नाहीं" या शब्दानें देतां येण्याजोगें नाहीं. तें शोधतां शोधतां बागकामांतील पहिलें तत्त्व मात्र आपल्या हातीं लागेल. तें तत्त्व असें कीं, झाडाची निगा पाणी घालण्यापासून सुरू होत नाहीं. त्याचें माहेर ओळखण्यापासून ती सुरू होते.

नांवाची कथा

या झाडाच्या नांवांत एका मिशनरी सेवकाची स्मृति सांठविलेली आहे. जॉर्ज जोसेफ कामेल हा गृहस्थ मध्य युरोपांतील ब्रनो या शहरीं १६६१ सालीं जन्मला. तो येशूसंघांतील एक बंधु असून औषधें तयार करण्याची विद्या त्याला अवगत होती. १६८८ सालीं तो फिलिपीन बेटांतील मनिला येथें पोहोंचला व १७०६ सालीं तेथेंच मरण पावला. रोग्यांकरितां औषधें बनवितां बनवितां त्यानें त्या बेटांतील वनस्पति बारकाईनें न्याहाळल्या, त्यांचीं चित्रें काढिलीं आणि वर्णनें लिहून इंग्लंडांतील विद्वानांकडे पाठविलीं. जॉन रे या प्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञानें १७०४ सालीं छापलेल्या आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागांत त्या लेखनाला पुरवणी म्हणून स्थान दिलें. पुढें स्वीडनमधील लिनीयस या पंडितानें वनस्पतींना पद्धतशीर नांवें देतांना या बंधूच्या स्मरणार्थ पूर्वेकडील एका सुंदर झाडास "कामेलिया" असें नांव दिलें.

येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. कामेलियाचा शोध कांहीं कामेलनें लाविला नव्हता. ज्यानें दूरच्या बेटांत निमूटपणें रोग्यांची सेवा केली व जवळच्या झाडाझुडुपांकडे आदरानें पाहिलें, त्याच्या त्या वृत्तीचा हा गौरव होय. आपल्या पायांजवळच्या वनस्पतीकडे नीट पाहणें, हा या नांवाचा अर्थ आहे असें म्हटल्यास चुकीचें होणार नाहीं. लेखाच्या शेवटीं या अर्थाचा पुन्हा उपयोग होईल.

कामेलियाचें माहेर

कामेलिया जॅपोनिका ही मूळची जपान, कोरिया व पूर्व चीन या देशांची. तेथें ती डोंगराळ रानांत मोठ्या वृक्षांच्या छायेखालीं वाढते. अशा रानांत काय काय असतें तें डोळ्यांपुढें आणा. डोक्यावर दाट फांद्या असल्यामुळें ऊन गाळून येतें. हवा दमट असते. वर्षानुवर्षें गळलेल्या पानांचा कुजून भुसभुशीत थर झालेला असतो; त्यांतून पाणी झिरपून जातें, पण ओल मात्र टिकते. पालापाचोळा कुजत असल्यामुळें व भरपूर पावसानें चुन्याचा अंश धुवून गेल्यामुळें ती माती किंचित् आंबट, म्हणजे आम्लधर्मी असते. हिंवाळा थंड असतो आणि त्या थंडींतच झाडाला फुलें येतात.

या एका चित्रांत कामेलियाच्या सगळ्या आवडीनिवडी आल्या. तिच्या मुळ्या खोल जात नाहींत. त्या वरच्या थरांतच पसरतात. म्हणून कोरडेपणा तिला लवकर बाधतो, आणि साचलेलें पाणीही तितकेंच बाधतें. तिचीं पानें जाड, गडद हिरवीं व चकचकीत असून बारमास टिकतात. वाढ अगदीं सावकाश होते. परंतु माहेरीं हें झाड पिढ्यान्‌पिढ्या जगतें. ज्याला चार महिन्यांत बाग फुललेली पाहावयाची आहे, त्यानें या झाडाच्या नादीं लागूं नये.

भारतांतही कामेलियाला मानवणारीं स्थळें आहेत. हिमालयाच्या कुशींतील दार्जिलिंग व कालिंपोंग येथील बागांत तिचीं फुलें बहरतात, आणि तोच मुलूख चहाचाही आहे. जेथें चहा सुखानें वाढतो, तेथें कामेलियाही बहुधा सुखानें वाढते, असा ठोकताळा बांधण्यास हरकत नाहीं.

आपली माती, आपलें पाणी

आतां सोलापूरकडे वळूं. आपल्या जिल्ह्यांत पाऊस वर्षाकाठीं सरासरी ५०० ते ७०० मिलिमीटरांच्या दरम्यान पडतो, व तोही लहरी. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर चढतो. हवा कोरडी असते व दुपारीं उन्हाच्या झळा लागतात. जमीन काळी, काळ्या कातळापासून झालेली. ओली झाली म्हणजे ती चिकट होऊन फुगते आणि वाळली म्हणजे तिला भेगा पडतात. तिच्यांत ठिकठिकाणीं चुनखडीचे पांढरट खडे सांपडतात.

मातीचा आंबटपणा किंवा त्याच्या उलट असलेला विम्लपणा मोजण्याच्या मापास सामू म्हणतात. ७ हा त्याचा मध्य. त्याहून कमी आंकडा असेल तर माती आम्लधर्मी व अधिक असेल तर विम्लधर्मी समजावी. कामेलियाला साडेपांच ते साडेसहा सामूची माती हवी असते. आपली काळी माती साधारणतः साडेसात ते साडेआठ या टप्प्यांत असते. आंकड्यांतील हें अंतर दिसण्यांत लहान आहे, पण झाडाच्या दृष्टीनें तें फार मोठें आहे.

ही गोष्ट पुस्तकांतून मानून घेण्यापेक्षां घरीं पडताळून पाहावी. अंगणांतील चमचाभर माती व चुनखडीचा एक खडा उन्हांत कोरडा करून दोन वाट्यांत ठेवा. दोहोंवर व्हिनेगराचे किंवा लिंबाच्या रसाचे कांहीं थेंब टाका. चुनखडीच्या खड्यावरून बारीक बुडबुडे येतांना दिसतील. मातींत चुना पुरेसा असेल तर तिच्यांतूनही येतील. आम्लाचा चुनखडीशीं संयोग होऊन कार्बन डायऑक्साइड वायु सुटतो, त्याचे हे बुडबुडे होत. दुसरी खूण पाण्याची. विहिरीचें किंवा बोअरचें पाणी ज्या भांड्यांत रोज तापवितात, त्याच्या आंतल्या अंगास पांढरा खरवरीत थर बसलेला असतो. पाण्यांत विरघळलेल्या क्षारांचा तो थर होय. असें जड पाणी कुंडींत रोज घातलें, तर आणलेली चांगली आम्लधर्मी मातीही हळूहळू बिघडत जाते.

चुना अधिक झाल्यानें झाडाचें नुकसान कसें होतें? पानांना हिरवेपणा येण्यास लोहाची गरज असते. आपल्या मातींत लोह पुष्कळ आहे. परंतु चुना अधिक असला म्हणजे तें लोह मुळ्यांना शोषून घेतां येण्याजोग्या रूपांत राहत नाहीं. ताट वाढलेलें आहे, पण घास तोंडांत जात नाहीं, अशी त्या झाडाची अवस्था होते. कोंवळीं पानें पिवळीं पडतात, त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, आणि झाड भरल्या घरांत उपाशी मरतें. अशा वेळीं पुष्कळ लोक झाड वाळत आहे असें समजून अधिक पाणी घालतात. पाणी जड असल्यास त्यायोगें दुखणें वाढतेंच.

कुंडींतील कामेलिया

वरील कारणांमुळें सोलापुरांत कामेलिया जमिनींत लावणें व्यर्थ होय. ज्याला हौस असेल व पुढें सांगितलेला त्रास सोसण्याची ज्याची तयारी असेल, त्यानें ती कुंडींतच लावावी. ससांक्वा नांवाची जी दुसरी जात आहे, ती ऊन थोडें अधिक सोसते. म्हणून मिळाल्यास तीच घ्यावी. रोप आणण्यास पावसाळ्याचे दिवस उत्तम. भर उन्हाळ्यांत प्रवास करून आलेलें रोप सहसा जगत नाहीं.

कुंडी भाजलेल्या मातीची घ्यावी. सिमेंटाच्या कुंडींत चुन्याचा अंश असतो. ती वर्ज्य करावी. कुंडीला बाहेरून चुना लावण्याची कित्येक घरीं चाल आहे, तीही येथें नको. तळाच्या छिद्रावर खापराचे तुकडे ठेवून पाणी मोकळें निघून जाईल अशी व्यवस्था करावी. मातीकरितां जांभ्या दगडाची तांबडी माती एक भाग, चांगला कुजलेला पालापाचोळा एक भाग आणि नारळाच्या काथ्याचा भुसा एक भाग असें मिश्रण करावें. अंगणांतील काळी माती त्यांत मुळींच घालूं नये. चुलीची राख तर कधींच घालूं नये, कारण राखेनें माती आणखी विम्लधर्मी होते.

रोप लावतांना तें पूर्वीं जितकें खोल होतें तितकेंच ठेवावें. बुंधा मातींत पुरूं नये. वरून पालापाचोळ्याचें किंवा उसाच्या पाचटाचें दोन इंच आच्छादन पसरावें. मात्र तें बुंध्याला टेकूं देऊं नये. या आच्छादनामुळें ओल टिकते व वरच्या थरांतील नाजूक मुळ्या तापत नाहींत. याच कारणास्तव कुंडींत खुरपें चालविण्याचा मोह आवरावा. गवत उगवल्यास हातानें अलगद उपटावें.

जागा घराच्या उत्तर किंवा पूर्व बाजूची निवडावी. सकाळचें कोंवळें ऊन दोन-तीन तास मिळावें. दुपारचें व पश्चिमेचें ऊन लागूं नये. लिंबाच्या झाडाखालील विरळ सावली चालेल. मार्चपासून जूनपर्यंत झळा अडविण्यासाठीं कुंडीच्या पश्चिमेस ओलें पोतें टांगावें. संध्याकाळीं ऊन उतरल्यावर पानांवर पाण्याचा हलका शिडकावा करावा. भर उन्हांत करूं नये.

खताचा अतिरेक टाळावा. पावसाळ्याच्या आरंभीं मूठभर जुनें कुजलेलें शेणखत व थोडी पेंड पुरे. घरांतील चहाचा चोथा वापरण्याची कल्पना सर्वांच्या मनांत येईल. त्यास हरकत नाहीं. परंतु आपल्याकडे चहा दूध-साखर घालून उकळतात, म्हणून चोथा दोन-तीन पाण्यांनीं धुवून, वाळवून, मग पालापाचोळ्याबरोबर कुजवून घालावा. तसाच घातला तर मुंग्या लागतात व बुरशी धरते.

आतां पाण्याचा प्रश्न. या झाडाला पावसाचें पाणी सर्वांत चांगलें, आणि तें सांठविणें गणिताच्या दृष्टीनेंही मनोरंजक आहे. छपराचा दहा चौरस मीटर भाग घ्या. त्यावर एक सेंटिमीटर पाऊस पडला, तर १०० लिटर पाणी मिळतें. म्हणजे २०० लिटरांचें पिंप भरण्यास दोन सेंटिमीटर पाऊस पुरतो. पहिल्या सरीनें छपरावरील धूळ धुवून जाऊं द्यावी व नंतरचें पाणी धरावें. पिंपाचें तोंड फडक्यानें घट्ट बांधावें, म्हणजे डास होणार नाहींत. एका कुंडीस रोज एक लिटर पाणी लागतें असें धरलें, तर हें पिंप २०० दिवस पुरेल. म्हणजे ऑक्टोबरच्या आरंभापासून एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत. राहिलेल्या दिवसांकरितां दुसरें पिंप ठेवणें भाग आहे, कारण याच दिवसांत झाडाला अधिक तहान लागते.

झाडाची भाषा

झाड बोलत नाहीं, परंतु खुणा करतें. त्या खुणा ओळखतां आल्या म्हणजे अर्धी निगा साधली.

कोंवळीं पानें पिवळीं व शिरा हिरव्या, तर चुना अधिक झाला. पाणी बदलावें आणि एक लिटर पाण्यांत पांच ग्रॅम हिराकस विरघळवून संध्याकाळीं पानांवर फवारावें. पानांच्या कडा तपकिरी होऊन करपल्या, तर झळा लागल्या अगर क्षार सांठले. जागा बदलावी व पावसाच्या पाण्यानें कुंडी एकदां भरपूर निथळूं द्यावी. कळ्या धरल्या पण उमलण्यापूर्वींच गळून पडल्या, तर पाणी देण्यांत अनियमितपणा झाला, किंवा हवेंतील उष्णता व कोरडेपणा तिला सोसला नाहीं. कळ्या पावसाळ्यांत धरतात आणि हिंवाळ्यांत उमलतात. या मधल्या काळांत, विशेषतः ऑक्टोबरच्या उन्हांत, माती एकदांही पूर्ण सुकूं देऊं नये. पानें चिकट होऊन त्यांवर काजळी धरली व मुंग्यांची रांग दिसूं लागली, तर मावा किंवा खवले कीड आली असें समजावें. साबणाच्या सौम्य पाण्यांत फडकें बुडवून पानांच्या दोन्ही बाजू पुसून काढाव्या.

एवढें सगळें केलें तरी फुलें येतीलच असें वचन कोणी देऊं नये. कामेलियाच्या कळीला उमलण्यापूर्वीं थंडी हवी असते. आपल्या हिंवाळ्यांतील रात्री थंड असतात खऱ्या. पण दिवस लवकर तापतो व थंडी फार दिवस टिकत नाहीं. झाड हिरवें राहिलें व एखाद्या वर्षीं चार फुलें आलीं, तर माळ्यानें पुष्कळ मिळविलें असें मानावें.

कॅरीसाहेबांचें डेझीचें फूल

असा खटाटोप कोणीं पूर्वीं केला आहे काय? केला आहे, आणि ज्यानें केला त्याचें नांव मराठी माणसानें कृतज्ञतेनें घ्यावें असें आहे. विल्यम कॅरी हे मूळचे जोडे शिवणारे कारागीर. ते १७९३ सालीं हिंदुस्थानांत आले व १८०० पासून बंगालमधील श्रीरामपूर येथें राहिले. त्यांनीं १८०५ सालीं मराठी भाषेचें व्याकरण आणि १८१० सालीं मराठीचा कोश प्रसिद्ध केला, हें भाषेच्या अभ्यासकांस माहीत आहे. परंतु ते मोठे वनस्पतिप्रेमीही होते. श्रीरामपुरास त्यांची स्वतःची बाग होती, आणि १८२० सालीं कलकत्त्यास शेतकी व बागाईतीच्या उन्नतीसाठीं त्यांनीं एक संस्था स्थापन केली. आपल्या सह्याद्रींत वाढणाऱ्या कुंभा या वृक्षाच्या शास्त्रीय नांवांतही कॅरींचें नांव गोंविलेलें आहे.

एकदां इंग्लंडांतील एका स्नेह्यानें त्यांना पिशवींतून कांहीं बियाणें पाठविलें. त्यांतील कणही वाया जाऊं नये म्हणून कॅरींनीं रिकामी पिशवी सावलीच्या जागीं जमिनीवर झटकली. पिशवीच्या तळाशीं थोडी विलायती माती होती. कांहीं दिवसांनीं त्या जागीं एक कोंब वर आला. तें डेझी नांवाचें इंग्लंडच्या कुरणांतील अगदीं साधें फूल होतें. तीस वर्षांहून अधिक काळ तें फूल त्यांच्या दृष्टीस पडलें नव्हतें. तें पाहून त्यांना झालेला आनंद त्यांनीं पत्रांतून कळविला आहे. मायदेशीं हें झाड वर्षानुवर्षें टिकतें. बंगालच्या हवेंत तें टिकेना. तेव्हां कॅरींनीं दर वर्षीं त्याचें बीं धरून ठेवावें, पुढील हंगामांत पुन्हा पेरावें, अशा रीतीनें तें जगविलें.

या गोष्टींतून दोन बोध निघतात. एक असा कीं, प्रेम व चिकाटी असेल तर परमुलखांतील वनस्पतीसही आश्रय देतां येतो. दुसरा असा कीं, कॅरींनीं त्या डेझीवर इंग्लंडची रीत लादली नाहीं. ती येथें कोणत्या रीतीनें जगूं शकेल हें पाहिलें व त्या रीतीस स्वतः जुळवून घेतलें. शिवाय त्यांची सारी बाग कांहीं डेझीची नव्हती; ती मुख्यतः या देशांत वाढूं शकणाऱ्या झाडांची होती.

अंगणाचा खरा मानकरी

आतां पालकांपुढें एक व्यवहाराची गोष्ट मांडतों. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी आपल्या जिल्ह्यांतील वडीलधाऱ्यांच्या मनांत अजून ताज्या आहेत. भीमेवरील उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें. तरी उन्हाळ्यांत घरोघरीं पाणी जपूनच वापरावें लागतें. अशा गांवांत, जें झाड आपलें सारें पाणी घेऊन फुलाची खात्री देत नाहीं, तें अंगणभर लावणें शहाणपणाचें नाहीं. हौसेची एक कुंडी ठेवावी. अंगण मात्र मोगऱ्याला द्यावें.

मोगरा हा उष्ण प्रदेशाचा पुत्र आहे. कामेलियाच्या बहुतेक जातींना वास नाहीं. मोगऱ्याची दोन फुलें खोली दरवळून टाकतात. आणि विशेष असें कीं, ज्या एप्रिल-मे महिन्यांत कामेलिया ओल्या पोत्याआड जीव मुठींत धरून असते, त्याच महिन्यांत मोगरा भरभरून फुलतो. योगायोग पाहा : ज्या फिलिपीन बेटांत बंधु कामेलनें आयुष्य वेंचिलें, त्या देशानें १९३४ सालीं मोगऱ्यालाच राष्ट्रीय फुलाचा मान दिला. तेथें त्याला संपागिता म्हणतात.

मोगरा लावण्यास दीड फूट लांब, रुंद व खोल खड्डा घ्यावा. काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून तींत मुरूम व कुजलेलें शेणखत मिसळून खड्डा भरावा. पावसाळ्यांत फांदीचा तुकडा खोंवून किंवा जमिनीलगतची फांदी मातींत दाबून नवीं रोपें सहज करतां येतात. जागा भरपूर उन्हाची असावी; सावलींत मोगरा पानांनीं माजतो व फुलांत कंजूषपणा करतो.

खरी मेख छाटणींत आहे. मोगऱ्याला फूल येतें तें नव्या फुटीवर. जुन्या काडीवर येत नाहीं. म्हणून डिसेंबरांत दोन-तीन आठवडे पाणी तोडून झाडाला विश्रांति द्यावी. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा संक्रांतीस भरते. त्या सुमारास धारदार कात्रीनें झाड सुमारें दीड फुटावर छाटावें, वाळक्या व रोगट काड्या काढून टाकाव्या, बुंध्याभोंवतीं हलकें खणून टोपलीभर शेणखत द्यावें व मग पाणी सुरू करावें. नवी पालवी फुटते, तिच्या शेंड्यांवर कळ्या येतात आणि मार्चपासून फुलांचा हंगाम लागतो. पाणी एकदम पुष्कळ देऊन दोन-चार दिवस थांबावें. रोज थोडें थोडें शिंपडूं नये, म्हणजे मुळ्या खोल जातील. आपल्या चुनखडीच्या जमिनींत मोगऱ्याचींही पानें कधीं कधीं पिवळीं पडतात. त्यावर वर सांगितलेला हिराकसाचाच उपाय करावा.

आपल्या जमिनीस कमी लेखण्याचें कांहींच कारण नाहीं. याच उन्हांत वाढणाऱ्या सोलापूरच्या डाळिंबास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. जी जमीन कामेलियाला वैरीण वाटते, तिनेंच डाळिंबाला नांव मिळवून दिलें.

उपसंहार

पेरणाऱ्याचा दाखला तुम्हांपैकीं पुष्कळांनीं ऐकला आहे. त्यांत बीं एकच आहे व जमिनी निरनिराळ्या आहेत. त्या दाखल्याचा मुख्य बोध मनुष्याच्या अंतःकरणाविषयीं असला, तरी बीं टाकण्यापूर्वीं जमीन पाहावी हा धडा माळ्यालाही त्यांतून घेतां येतो.

जें झाड आपण घरीं आणितों, त्याचा जीव आपल्या हातीं येतो. तें स्वतः उठून सावलींत जाऊं शकत नाहीं, गोडें पाणी मागूं शकत नाहीं. म्हणून तें आणण्यापूर्वींच विचारावें : याचें माहेर कोणतें? त्याला जें हवें तें मला वर्षभर देतां येईल काय? उन्हाळ्याच्या सुट्टींत आपण परगांवीं गेलों तर त्याला पाणी कोण घालील? या प्रश्नांचीं उत्तरें ज्याच्याजवळ आहेत त्यानें खुशाल कामेलिया आणावी व कॅरींच्या चिकाटीनें तिचा सांभाळ करावा. ज्याच्याजवळ नाहींत त्यानें वाईट वाटून घेऊं नये. येत्या पावसाळ्यांत मोगऱ्याची एक फांदी मातींत दाबावी, संक्रांतीस तिची आठवण ठेवावी. तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत घरांतील माणसांना ओंजळभर फुलें देण्याइतकें झाड तयार होईल. पायांजवळच्या वनस्पतीकडे आदरानें पाहणें हीच बंधु कामेलची रीत होती, आणि ती पाळण्यास सोलापूरचें कोणतेंही अंगण पुरेसें आहे.